विला इझाबेलच्या नाक्यावरचा नोएल रोझा

ब्राझीलमधील रिओ दि जानेरो शहराच्या उत्तर भागात, माराकाना स्टेडियमपासून जवळच, विला इझाबेल ही वस्ती सुरू होते आणि तिच्या मुख्य रस्त्याच्या, म्हणजे '२८ सप्टेंबर बुलेव्हार'च्या, तोंडाशी नोएल रोझा या संगीतकाराचे ब्राँझमधील शिल्प आहे. जोआस परेरा पासोस या शिल्पकाराने घडवलेले हे शिल्प १९९६ मध्ये तेथे बसवण्यात आले. त्याला उंच चौथरा नाही आणि त्यातील नायक दूर क्षितिजाकडे बघत हात उंचावून उभाही नाही. हॉटेलातल्या साध्या टेबलापाशी बसलेला एक सडपातळ तरुण, त्याच्या तैनातीला उभा असलेला वेटर आणि शेजारी एक रिकामी खुर्ची एवढाच त्यातील प्रसंग आहे. हा प्रसंग नोएलने १९३५ मध्ये स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या 'कॉन्वेर्सा दे बोतेकीं' या सांबा गीतातून उचललेला असल्यामुळे, तेथे उभे असलेले स्मारक एका माणसाचे म्हणावे की एका गाण्याचे, असा प्रश्न पडतो. या प्रश्नाचे उत्तर शिल्पकाराच्या कल्पकतेत थोडेफार सापडते, पण त्याहून अधिक ते या वस्तीच्या सव्वाशे वर्षांच्या घडणीत सापडते.

ब्राझीलमध्ये संगीतकाराचे सार्वजनिक स्मारक उभारण्याची प्रथा नोएलच्या जन्माआधीपासूनची आहे, मात्र ती ऑपेराच्या संगीतकारापासून सुरू झाली. कांपिनास गावी १८३६ मध्ये जन्मलेला कार्लोस गोमेस हा युरोपात नाव कमावणारा पहिला ब्राझिलियन संगीतकार. त्याचा 'इल ग्वारानी' हा ऑपेरा १८७० मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात रंगमंचावर आला आणि एका दिवसात तो राष्ट्राचा अभिमानविषय बनला. १८९६ मध्ये त्याचे निधन झाल्यानंतर त्याच्या जन्मगावी रोदोल्फो बेर्नार्देली या त्या काळच्या अग्रगण्य शिल्पकाराने घडवलेले स्मारक १९०५ मध्ये उभे राहिले, आणि १९२२ मध्ये स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त साओ पाउलोतील इटालियन समाजाने लुईजी ब्रिझोलारा याच्याकडून करवून घेतलेला शिल्पसमूह तेथील म्युनिसिपल थिएटरच्या बाजूला बसवण्यात आला. या स्मारकांत संगीतकार उंचावर असतो, त्याच्या पायाशी रूपकात्मक आकृत्या असतात आणि बघणाऱ्याला मान वर करावी लागते. युरोपने मान्य केलेला कलावंत कसा दिसावा याची एक ठरीव भाषा त्यातून बोलते. त्याच काळात रिओच्या टेकड्यांवर आणि बंदरालगतच्या गल्ल्यांत जे संगीत आकार घेत होते, त्याच्या कर्त्यांना पुतळा तर सोडाच, पोलिसांचा ससेमिराही चुकत नव्हता. गिटार किंवा खंजिरी हातात घेऊन फिरणारा माणूस उनाड समजला जाई, आणि तो कृष्णवर्णीय असेल तर समज पक्का होई. अशा संगीताचा प्रतिनिधी पुढे ब्राँझमध्ये बसला, याला कारणीभूत झालेल्या घडामोडींत विला इझाबेल या वस्तीचा वाटा मोठा आहे.

ही वस्ती आपसूक वाढलेली नाही; ती एका उद्योजकाने आखून वसवली. जोआओ बातिस्ता व्हियाना ड्रमंड, ज्याला पुढे बॅरन ही पदवी मिळाली, याने १८७२ मध्ये 'माकडांचे शेत' अशा नावाने ओळखली जाणारी जुनी इस्टेट राजघराण्यातील अमेलिया हिच्याकडून विकत घेतली, दुसऱ्या वर्षी एक बांधकाम कंपनी काढली आणि पॅरिसच्या रस्त्यांचा आदर्श समोर ठेवून जमिनीचे प्लॉट पाडले. शहराच्या मध्यभागापासून लांब असलेली जागा विकायची तर तेथे पोहोचण्याची सोय हवी, म्हणून त्याने खेचरांनी ओढायच्या ट्रामचीही कंपनी उभी केली. ट्राम आधी आणि घरे नंतर, या क्रमाने रिओचे अनेक भाग वाढले, आणि विला इझाबेल हे त्याचे बरेच जुने उदाहरण आहे.

ड्रमंड दासमुक्तीचा पुरस्कर्ता होता आणि त्याने ही भूमिका नकाशावर उतरवली. वस्तीला त्याने युवराज्ञी इझाबेल हिचे नाव दिले. मुख्य रस्त्याला '२८ सप्टेंबर' हे नाव मिळाले, कारण १८७१ मध्ये त्या तारखेला, सम्राट परदेशी असताना राज्यकारभार पाहणाऱ्या इझाबेलने, 'मुक्त गर्भाचा कायदा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली होती. या कायद्याने गुलाम स्त्रीच्या पोटी यापुढे जन्मणारे मूल स्वतंत्र ठरले. प्रत्यक्षात मात्र ते आठ वर्षांचे होईपर्यंत मालकाच्या ताब्यात राही, आणि त्यानंतर सरकारकडून भरपाई घेऊन मूल सोडायचे की एकविसाव्या वर्षापर्यंत त्याचे श्रम वापरायचे याची निवड मालकानेच करायची असे. वस्तीतील चौकाला 'सात मार्च' हे नाव होते, तेही हा कायदा मंजूर करून घेणारे मंत्रिमंडळ ज्या तारखेला सत्तेवर आले त्यावरून. आता तो चौक बॅरन ड्रमंडच्या नावाने ओळखला जातो. इतर गल्ल्यांना त्या काळच्या राजकारण्यांची नावे मिळाली. थोडक्यात, गुलामगिरी अस्तित्वात असतानाच तिच्या अंताची पाटी लावलेली ही वस्ती होती, आणि या विरोधाभासाची चर्चा तिच्या गाण्यांपर्यंत येऊन पोहोचते.

याच बॅरनने आणखी एक गोष्ट जन्माला घातली, आणि ती त्याच्या रस्त्यांपेक्षाही जास्त टिकली. १८८८ मध्ये त्याने वस्तीत प्राणिसंग्रहालय काढले. सरकारी अनुदान आटल्यावर ते चालवणे जड जाऊ लागले, तेव्हा १८९२ मध्ये त्याने प्रवेशाच्या तिकिटावर पंचवीस प्राण्यांपैकी एकाचे चित्र छापण्याची युक्ती काढली. सकाळी एका प्राण्याचे चित्र झाकून उंच टांगले जाई, संध्याकाळी ते उघडले जाई आणि ज्याच्या तिकिटावर तोच प्राणी असेल त्याला तिकिटाच्या किमतीच्या वीस पट रक्कम मिळे. प्राणी बघायला येणाऱ्यांपेक्षा तिकीट लावायला येणाऱ्यांची गर्दी वाढली, तिकिटे संग्रहालयाबाहेर विकली जाऊ लागली, अधिकाऱ्यांनी बंदी घातली आणि बंदीनंतर हा खेळ, म्हणजे 'जोगो दो बिशो', शहरभर पसरला. मुंबईतील मटक्याप्रमाणे त्याचीही चिठ्ठी घेणारा माणूस प्रत्येक नाक्यावर असे आणि त्याचा शब्द हीच पावती मानली जाई. हा चिठ्ठीवाला नोएलच्या गाण्यात पुन्हा भेटतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी विला इझाबेल ही कनिष्ठ मध्यमवर्गाची, कारकून-शिक्षकांची आणि गिरणी कामगारांची वस्ती झाली होती. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या 'कॉन्फियान्सा' या कापड गिरणीचा भोंगा तिच्या दिवसाची वेळ ठरवत असे. ट्रामचे भाडे जेथे टप्प्याने बदले, त्या 'शंभर रेईस नाक्या'भोवती चहा-कॉफीची, दारूची आणि गप्पांची ठिकाणे दाटली होती. अशा ठिकाणाला रिओत बोतेकीं म्हणतात: पाचसहा टेबले, संगमरवरी किंवा लाकडी गल्ला, बहुधा पोर्तुगालहून आलेला मालक, सकाळी दूध घातलेली कॉफी आणि लोणी लावलेला पाव, रात्री बिअर, आणि उधारीची वही. नोएलची शाळा आणि नंतरचे वैद्यकीय महाविद्यालय शहरात होते, पण त्याचे खरे शिक्षण या टेबलांवर झाले, असे त्याचे चरित्रकार एकमुखाने सांगतात.

नोएल दे मेदेइरोस रोझा याचा जन्म ११ डिसेंबर १९१० रोजी या वस्तीतील तेओदोरो दा सिल्वा रस्त्यावरील घरात झाला. प्रसूती अवघड होती, डॉक्टरांना चिमटा वापरावा लागला आणि त्यात बाळाचा खालचा जबडा दुखावला; पुढे शस्त्रक्रिया होऊनही हनुवटी आत गेलेली राहिली ती कायमची. अन्न चावण्याचा त्रास त्याला आयुष्यभर होता, आणि लोकांसमोर जेवायला तो टाळाटाळ करी. हा तपशील पुतळ्याच्या संदर्भात महत्त्वाचा आहे, कारण टेबलाशी बसून मागणी करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या रूपात अजरामर झालेल्या या माणसाला खाणे ही सहज गोष्ट कधीच नव्हती. आई शिक्षिका होती आणि तिच्याकडून तो मॅन्डोलिन शिकला. गिटारकडे तो नंतर वळला. १९२९ मध्ये वस्तीतील तरुणांच्या 'बांदो दे तांगारास' या गटात तो सामील झाला, ज्यात पुढे रेडिओवर गाजलेला आल्मिरांते आणि गीतकार ब्रागिन्या हेही होते. याच गटाच्या एका ध्वनिमुद्रणात रस्त्यावरचे ढोल प्रथमच स्टुडिओत वाजले, असे ब्राझिलियन संगीताच्या इतिहासात नोंदले जाते.

त्याचे पहिले मोठे यश म्हणजे १९३० मध्ये ध्वनिमुद्रित झालेले आणि १९३१ च्या कार्निव्हलमध्ये शहरभर गाजलेले 'कॉम के रौपा?' हे गीत, ज्यात अंगावर घालायला धड कपडा नसलेला माणूस सांबाला जायचे तर काय घालून जायचे, असे विचारतो. चाल कागदावर उतरवून घेणाऱ्या ओमेरो दोर्नेलास या संगीतकाराच्या लक्षात आले की सुरुवातीचे सूर ब्राझीलच्या राष्ट्रगीताशी जुळतात, आणि ते बदलावे लागले. मंदीने गांजलेल्या देशात गरिबीचे गाणे राष्ट्रगीताच्या सुरावर सुरू होणार होते, हा योगायोग असो वा खोडी, त्यात नोएलचा सगळा स्वभाव आहे. वैद्यकीय शिक्षण त्याने लवकरच सोडले. पुढच्या सहा-सात वर्षांत त्याने अडीचशेच्या आसपास गाणी केली, आणि त्यांतील कित्येक गाण्यांत हुंडी, उधारी, भोंगा, ट्राम, टेलिफोन अशा तोपर्यंत कवितेला अस्पृश्य असलेल्या वस्तू सुखेनैव नांदतात.

सांबाचे जे रूप नोएलने स्वीकारले ते त्याच्या वस्तीचे नव्हते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इस्तासिओ या भागातील कृष्णवर्णीय संगीतकारांनी मिरवणुकीत चालता येईल असा नवा ठेका बसवला आणि १९२८ मध्ये 'देशा फालार' नावाचा गट काढला. त्यांतील इस्माएल सिल्वा याच्याबरोबर नोएलने अनेक गाणी रचली. गोऱ्या, शिकलेल्या मुलाने टेकडीवर जाऊन तेथील माणसांना भागीदार मानणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती, आणि नोएलने ती केली हे त्याच्या श्रेयात जमा होते. मात्र दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. आपल्या वस्तीच्या गौरवासाठी रचलेल्या 'फेइतिसो दा व्हिला' या १९३४ च्या गीतात विला इझाबेलचा सांबा सभ्य आणि सुसंस्कृत असल्याचा सूर आहे, आणि अलीकडच्या काही समीक्षकांना त्यात टेकडीवरच्या, आफ्रिकी विधींशी जोडलेल्या सांबापासून अंतर राखण्याची धडपड ऐकू येते. विल्सन बातिस्ता या तरुण कृष्णवर्णीय संगीतकाराशी झालेला त्याचा सवाल-जबाब याच काळातला आहे. गळ्याला रुमाल बांधून हिंडणाऱ्या बेफिकीर तरुणाची बातिस्ताने १९३३ मध्ये गाण्यात रचलेली तारीफ नोएलला खटकली, त्याने गाण्यातच उत्तर दिले, आणि दोघांमध्ये गाण्यांच्या फैरी झडत राहिल्या. त्यात बातिस्ताने नोएलच्या चेहऱ्यावरही घाव घातला. या भांडणाचा संग्रह १९५६ मध्ये तबकडीवर आला तेव्हा तो वाद इतिहासजमा झाला होता आणि श्रोत्यांना ती गंमत वाटली. मुळात मात्र सांबा कोणाचा, हाच त्यातला वाद होता.

'कॉन्वेर्सा दे बोतेकीं' या गीताची रचना नाटकातल्या एकतर्फी संवादासारखी आहे. बोलतो तो फक्त गिऱ्हाईक. वेटरच्या तोंडी एकही शब्द नाही. गिऱ्हाइकाला ताजी, पुन्हा न तापवलेली कॉफी हवी आहे, भरपूर लोणी लावलेला पाव हवा आहे, रुमाल आणि थंड पाणी हवे आहे; ऊन लागते म्हणून दार लावायला हवे, शेजारच्या टेबलावर फुटबॉलचा निकाल विचारायला हवा. मग लिहिण्याचे साहित्य, सिगारेट, काडी, वाचायला मासिक अशा मागण्या येतात. पुढे एका ओळखीच्या माणसाला फोन करून छत्री मागवायची आहे. शेवटी कळते की या साहेबांचे पैसे जोगो दो बिशोच्या चिठ्ठीवाल्याकडे गेलेले आहेत, म्हणून उलट वेटरनेच थोडे उसने द्यावेत आणि बिल लटकवून ठेवावे. बॅरन ड्रमंडने प्राणिसंग्रहालय वाचवण्यासाठी काढलेला खेळ त्याच्याच वस्तीतल्या गाण्यात गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा करताना दिसतो. अर्थात हे गाणे केवळ विनोदी नाही. खिशात दमडी नसलेला माणूस बोतेकींला स्वतःचे कार्यालय, टपालघर आणि वाचनालय बनवतो आणि आज्ञा सोडण्याचा डौल एवढीच त्याची मिळकत उरते, तरीही ऐकणारा त्याच्यावर रागावू शकत नाही, ही त्यातील कारागिरी आहे.

या कारागिरीत आणखी एक हात आहे. गाण्याची चाल मुख्यतः वादिको या पियानोवादकाची मानली जाते. साओ पाउलोत नोएलच्याच वर्षी, १९१० मध्ये, जन्मलेल्या ओस्वाल्दो गोग्लियानोला सगळे वादिको म्हणत. १९३२ मध्ये ओडियन कंपनीच्या स्टुडिओत दोघांची ओळख करून देण्यात आली आणि 'फेइतिओ दे ओरासाओ', 'फेइतिसो दा व्हिला' यांसारखी नोएलची सर्वांत सुघड गाणी या भागीदारीतून निघाली. चालीत बोलण्याचा चढउतार जसाच्या तसा बसावा, शब्द लागोपाठ धावावेत आणि तरी श्वासाला जागा राहावी, हे काम चाल बांधणाऱ्याचे असते. नोएलच्या मृत्यूनंतर वादिको अमेरिकेला गेला, परतल्यावर आपले नाव श्रेयातून वारंवार गळते याची त्याला खंत वाटत राहिली, आणि १९६२ मध्ये त्याचे निधन झाले. पुतळ्यातील प्रसंगात तो नाही. ज्या गाण्याचे हे शिल्प आहे त्याचा निम्मा कर्ता त्यात नसणे हा शिल्पकाराचा दोष म्हणता येणार नाही, कारण गाण्यातही पात्रे दोनच आहेत. पण कवी म्हणून नोएलला मिळालेले प्रेम आणि चालीकडे झालेले दुर्लक्ष यांचा तो परिणाम नक्कीच आहे. 'विला इझाबेलचा कवी' हे त्याचे लाडके बिरुद, आणि कवीला भागीदार लागत नाही.

क्षयाने ४ मे १९३७ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, नोएलचा मृत्यू झाला. रात्रीची जागरणे, बिअर, अपुरे जेवण यांमुळे प्रकृती आधीच खालावलेली होती. त्यानंतर सुमारे दहा वर्षे त्याचे नाव मागे पडले, हे आज खरे वाटत नाही. कार्निव्हलची गाणी त्या त्या वर्षापुरती असत. जुने गाणे पुन्हा गाणे हा प्रकारच रूढ नव्हता. १९५० आणि १९५१ मध्ये आरासी दे आल्मेइदा या गायिकेने, जिला नोएलने स्वतः गाणी शिकवली होती, रादामेस न्यातालीच्या संयोजनात त्याच्या गाण्यांचे संच ध्वनिमुद्रित केले आणि त्यांच्या वेष्टनावर दि काव्हालकांती या नामांकित चित्रकाराचे चित्र छापले गेले. सांबा गाण्याला संग्राह्य वस्तूचा दर्जा मिळण्याची ही सुरुवात होती. गिरणीतल्या मुलीवरचे 'त्रेस आपितोस' हे गाणे नोएलच्या हयातीत ध्वनिमुद्रितच झाले नव्हते. ते लोकांनी आरासीच्या आवाजात ऐकले. १९५१ मध्येच आल्मिरांतेने 'नोएल रोझाच्या काळात' नावाची मालिका रेडिओवर सादर केली आणि त्याच नावाचे त्याचे पुस्तक १९६३ मध्ये निघाले. पुतळ्याच्या आधी तबकडी, रेडिओ आणि पुस्तक यांनी नोएल घडवून ठेवला होता. १९९६ मध्ये शिल्पकाराला त्याला फक्त बसवायचे होते.

वस्तीने स्वतःचे संगीत जमिनीवर कोरले ते पुतळ्याच्याही तीन दशके आधी. रिओच्या स्थापनेला १९६५ मध्ये चारशे वर्षे होत होती, आणि त्या निमित्ताने बुलेव्हारच्या दोन्ही बाजूंच्या फुटपाथवर काळ्या बेसाल्टच्या आणि पांढऱ्या चुनखडीच्या तुकड्यांनी, पोर्तुगीज पद्धतीने हातोडीने ठोकून, वीसेक गाण्यांच्या स्वरलिपी बसवण्यात आल्या. या पद्धतीत पांढऱ्या पार्श्वभूमीत काळ्या दगडांच्या पाच समांतर रेघा आणि त्यांवर स्वरांचे ठिपके येतात, आणि प्रत्येक ठिपका हा गवंड्याच्या हातचा असतो. शिकीन्या गोन्झागाचे 'आब्रे आलास' आणि नोएलचे 'फेइतिसो दा व्हिला' हे या पायतळीच्या संगीतात आहेत. जलवाहिनीसाठी फुटपाथ उखडला की दगड पुन्हा बसवणाऱ्याला स्वर वाचता येतातच असे नाही, आणि एक ठिपका एका रेघेने वर सरकला की सूर बदलतो. अशा रीतीने दुरुस्तीगणिक गाणी हळूहळू नव्याने रचली जातात. ज्या वर्षी हे काम सुरू होते त्याच वर्षी, १९६४ मध्ये, कॉन्फियान्सा गिरणीचा भोंगा कायमचा बंद झाला. तिच्या इमारतीत आता सुपरमार्केट आहे.

१९९० च्या दशकात रिओ महापालिकेने 'रिओ सिदादे' नावाच्या योजनेखाली शहरातील प्रमुख व्यापारी रस्त्यांची फेरमांडणी हाती घेतली, आणि २८ सप्टेंबर बुलेव्हार त्यात होता. पुतळा त्याच काळातला आहे. त्याच्या कल्पनेला पोर्तुगालमध्ये एक पूर्वज सापडतो: १९८८ मध्ये लिस्बनच्या शियादो भागात, ब्राझिलियन कॉफी विकण्यासाठी उघडलेल्या 'आ ब्राझिलेइरा' या कॅफेबाहेर, कवी फेर्नांदो पेसोआचा टेबलाशी बसलेला ब्राँझ पुतळा बसवला गेला आणि त्याच्याशेजारी रिकामी खुर्ची ठेवण्यात आली. चौथऱ्याविना, पादचाऱ्याच्या उंचीचा, शेजारी जागा असलेला पुतळा ही विसाव्या शतकाच्या अखेरची युक्ती आहे. ती आदर व्यक्त करण्याऐवजी सलगीला बोलावते, आणि पर्यटनाला फार सोयीची ठरते. रिओत ती फार लवकर रुजली. १९९६ मध्येच ओटो डुमोविचने घडवलेला पिशिंगिन्याचा पुतळा शहराच्या मध्यातील ओव्हिदोर गल्लीत आला, जेथे या थोर सॅक्सोफोनवादक-संगीतकाराचे नेहमीचे मद्यालय होते. २००८ मध्ये त्याच शिल्पकाराने घडवलेला संगीतकार दोरिवाल काइमी कोपाकबानाच्या कोळ्यांच्या वसाहतीजवळ आला, आणि ८ डिसेंबर २०१४ रोजी, संगीतकार टॉम जोबिमच्या मृत्यूला वीस वर्षे झाली त्या दिवशी, ख्रिस्तीना मोता हिने घडवलेला जोबिम खांद्यावर गिटार टाकून इपानेमाच्या किनाऱ्याशी चालू लागला.

या रांगेत नोएलचे शिल्प वेगळे पडते ते वेटरमुळे. काइमी, जोबिम आणि पिशिंगिन्या एकटे आहेत. त्यांच्याकडे बघताना त्यांचे संगीत आठवावे लागते. नोएल मात्र एका प्रसंगात गुंतलेला आहे आणि त्या प्रसंगात एक कष्टकरी त्याच्यासमोर उभा आहे. गाण्यात ज्याला एक वाक्य बोलू दिलेले नाही त्या माणसाला येथे संगीतकाराइतकेच ब्राँझ मिळाले आहे, आणि सार्वजनिक शिल्पाच्या इतिहासात अशा माणसाला जागा मिळाल्याची उदाहरणे थोडीच सापडतील. दुसरीकडे, हे शिल्प गाण्याचा डंख बोथटही करते. गाण्यातला तरुण उधळा आणि मतलबी आहे, त्याच्या आज्ञा वाढत जातात तसा तो हास्यास्पद होतो. शिल्पातला नोएल शांतपणे बसलेला आहे आणि त्याच्या शेजारी बसून कोणालाही छायाचित्र काढून घ्यावेसे वाटते. अर्थात गाणे वेळेत घडते आणि ब्राँझ एका क्षणात थांबते, त्यामुळे बिल लटकवण्याची ती शेवटची खोडी शिल्पात दाखवणे कठीणच होते.

सलगीची किंमत या पुतळ्यांना मोजावी लागली आहे. कोपाकबानाच्या बाकावर २००२ पासून बसलेल्या कवी कार्लोस ड्रमंड दे आंद्रादेचा चष्मा इतक्या वेळा पळवला गेला की ती शहराची एक म्हणच झाली.  नोएलच्या शिल्पाचेही भाग चोरीला गेले आहेत आणि दुरुस्त्या कराव्या लागल्या आहेत, कारण ब्राँझला भंगारात भाव मिळतो आणि रस्त्यावरचे टेबल रात्री कोणी पहाऱ्यात ठेवत नाही. कुंपण घातले तर रिकामी खुर्ची निरर्थक होते आणि न घातले तर एखादा तुकडा नाहीसा होतो, असा हा पेच आहे.

वस्तीची सांबाशाळा, म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी वर्षभर तयारी करणारी संस्था, १९४६ मध्ये स्थापन झाली आणि 'उनिदोस दे विला इझाबेल' हे नाव तिने घेतले. दासमुक्तीच्या शताब्दीच्या वर्षी, १९८८ मध्ये, तिने आफ्रिकी वारशाचा गौरव करणारी 'किझोम्बा' ही मिरवणूक काढून पहिला क्रमांक पटकावला; युवराज्ञीच्या नावाच्या वस्तीने युवराज्ञीच्या सहीऐवजी झुंबी या बंडखोर नेत्याला स्वातंत्र्याचे श्रेय दिले, ही त्या वर्षीची सर्वांत बोलकी घटना मानावी लागेल. तिच्या ख्यातनाम संगीतकाराचे नाव मार्तिन्यो दा व्हिला, म्हणजेच वस्तीचे नाव ज्याच्या नावात आले तो. नोएलच्या जन्मशताब्दीच्या २०१० सालच्या मिरवणुकीसाठी नोएलवरचे गीत त्यानेच रचले. माणसे साम्बोद्रोमो या मिरवणूकमार्गावर ते गात गेली, आणि त्याच वर्षी बुलेव्हारच्या तोंडाशी नोएलचा वेटर चौदा वर्षे उभा होता.